चौथ्या मुसळाची हकीकत

दोंडाईचा,
१८ जानेवारी २०२४

चि. नूतन,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे खुशाल आहेत. परवा तू फोन केलास तेव्हा तू काय बोललीस ते मला कळलं नाही, मी नुसती "हो, हो" म्हणत गेले. नंतर माझ्याकडे देठ खुडायला येणाऱ्या कोकिळानं सांगितलं, ती शेजारी बसून ऐकत होती, की तू विचारत होतीस, फुई, तू माझ्यावर रागावलीस का. तेव्हा त्या "हो"कडे लक्ष देऊ नकोस. पंचवीस वर्षं डंक्याशेजारी बसून डावा कान गेलाच होता, आता उजवाही त्याच्या मागे निघालाय. कागदावरचं मात्र मला अजून स्वच्छ ऐकू येतं. म्हणून यापुढे लिहीत जा.

आता काम सांगते. मिरची कांडायचा माझा डंका तू पाहिलेला आहेस. चार लोखंडी मुसळं. वर शाफ्ट फिरतो, तो एकेक मुसळ उचलतो आणि उखळात सोडतो. मुसळाचा दांडा ज्या बुशातून वर-खाली होतो, त्या बुशाला ग्रीस लागतं. नाही घातलं तर दोन तासांत अशी किंचाळी सुटते की मलासुद्धा ऐकू येते. घातलं तर ते गरम होऊन पातळ होतं आणि दांड्यावरून खाली उतरतं, थेट मिरचीत. गेल्या आठवड्यात धुळ्याच्या वच्छलाबाईंनी तीस किलो तिखट परत आणून दिलं. त्यांचा पापड-मसाल्याचा बचत गट आहे, माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ताटलीत चिमूटभर पसरून त्यांनी मला त्यातले काळे ठिपके दाखवले.  भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उन्हाळ्याच्या हंगामापर्यंत थांबतील, नाहीतर धुळ्यातच पल्व्हरायझरवर दळून घेतील.

माझा धाकटा भाऊ, म्हणजे तुझा बाप अमृत, गावभर सांगत फिरतो की आमची पोरगी घासण्यावर पीएचडी करते. चार वर्षं झाली. भांडी घासत असशील म्हणावं तर होस्टेलला बाई आहे. मग घासतेस तरी काय? जे काय घासतेस त्यातलं माझ्या बुशाला उपयोगी पडेल का, ते लिही. पडत नसेल तर तसंही लिही. मी अमृतला सांगणार नाही.

तुझी फुई,
प्रमिला


जळगाव,
२४ जानेवारी २०२४

प्रिय फुई,

तुझं पत्र होस्टेलच्या मुलींनी माझ्या आधी वाचलं. आता इथे माझं नाव "घासणारी नूतन" असं पडलंय. बाबांचे आणि तुझे आभार.

मी खरोखर घासतेच. दोन धातू एकमेकांवर घासले की दोघांचीही झीज होते, उष्णता वाढते, आवाज येतो. तेल किंवा ग्रीस हे काम सोपं करतं, पण जिथे तेल चालत नाही तिथे काय करायचं, हा आमचा विषय. आम्ही धातूवर एक कोरडा थर बसवतो. किती पातळ? तुझ्या वेणीतला एक केस उभा चिरून त्याच्या जाडीचे पस्तीस भाग केलेस, तर त्यातल्या एका भागाइतका. पदार्थ निसरडा असतो, पेन्सिलीचं शिसं बोटावर घसरतं तसा. ग्रीस नाही, थेंब नाही, ठिपका नाही.

तेव्हा उपयोगी पडेल. पण एक अडचण आहे. आमच्या यंत्रात हा थर उन्हासारखा एका बाजूने येऊन पडतो. समोर असेल त्यावर बसतो, सावलीत असेल ते कोरडं राहतं. बुश म्हणजे नळी. तिच्या आतल्या अंगाला थर पोचणारच नाही. आणि घासतं ते नेमकं आतलं अंग. ज्योत्स्ना मॅडम (माझ्या मार्गदर्शक, ज्यांना मी घाबरते) म्हणाल्या की नळीच्या आतला थर हा स्वतंत्र पीएचडीचा विषय आहे. मी म्हटलं, मॅडम, आधी ही एक होऊ द्या.

तरी बुशाचं माप पाठव. काहीतरी शोधते. आणि "रागावलीस का" असं मी विचारलं होतं, कारण तू संक्रांतीला तीळगूळ पाठवला नव्हतास. अजूनही नाही.

तुझी,
घासणारी नूतन


दोंडाईचा,
३० जानेवारी २०२४

चि. नूतन,

सोबत तीळगूळ आहे. पार्सलात तळाशी जड लागेल ते लोखंड आहे, चावू नकोस.

तुझं पत्र मी मगनला वाचून दाखवलं. लेथवाला मगन, माझे सगळे बुश तोच बनवतो. त्याला केसाची गोष्ट पटली नाही, पण उन्हाची पटली. म्हणाला, "अक्का, उन नही पोचत ते कापी टाका ना." मी म्हटलं, काय कापू? तर त्याने बुश उचलला आणि मधोमध उभा चिरला. नारळ फोडावा तशा दोन वाट्या झाल्या. आतलं अंग उघडं पडलं. दोन्ही वाट्या तुझ्या यंत्रात उताण्या ठेव, हवं तेवढं ऊन दे आणि परत पाठव. इथे तो त्या जोडून बाहेरून कडं आवळणार आहे.

यात पीएचडी कुठे आली ते मला कळलं नाही. मगनची चौथी झाली आहे.

फुई


जळगाव,
२२ फेब्रुवारी २०२४

प्रिय फुई,

वाट्या यंत्रातून निघाल्या. मॅडमनी त्या हातात घेतल्या, उलटसुलट पाहिल्या आणि विचारलं, "हे कुणी सुचवलं?" मी मगनभाऊंचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना प्रवेश परीक्षेला बसवा."

थर राखाडी दिसतो. पुसायचा प्रयत्न करू नकोस, तो मळ नाही. आमच्या तपासणीच्या यंत्रावर, जिथे फिरत्या तबकडीवर एक टोक सतत घासत राहतं, हा थर दोन लाख फेऱ्या टिकला. आता नीट वाच. चौथ्या मुसळालाच हा बुश बसव. ग्रीसचं बोटसुद्धा लावू नकोस. त्या उखळात फक्त फटकी मिरची घाल, ती पांढरी पडलेली, कुणी विकत घेत नाही ती. तिचं तिखट विकायचं नाही, खायचंही नाही. अन्नाची तपासणी झाल्याशिवाय नाही. आणि दर आठवड्याला मला लिही: किती तास चालला, आवाज कसा, दांडा किती तापतो.

पंधरा एप्रिलला माझी आढावा समिती आहे. फेलोशिप पुढे चालू ठेवायची की नाही, ते तिथे ठरतं. गेल्या वर्षी माझे दोन थर उडाले. हाही उडाला तर मी प्रयोगशाळेला रामराम ठोकते आणि तुझ्याकडे मिरचीचे देठ खुडायला येऊन बसते. जागा ठेव.

तुझी,
नूतन


दोंडाईचा,
५ मार्च २०२४

चि. नूतन,

एक तारखेला बुश बसवला. मगनने कडं आवळलं, मी बटण दाबलं. तीन मुसळं नेहमीसारखी कण्हत होती. चौथं वर जाई, खाली येई, आणि आवाज फक्त उखळात पडल्याचा. कोकिळा बाहेर देठ खुडत होती, ती आत आली. "अक्का, चौथं बंद पडनं का?" मी म्हटलं, हात लावून बघ. तिने दांड्याला हात लावला. कोमट. बाकीच्या तिघांना लावला आणि फुंकर मारत बसली.

रोज तीन तास चालवते. सगळी गल्ली येऊन बघून गेली. शेजारच्या पुष्पाबाईंनी कुंकू लावलं, पण ते मी पुसून टाकलं. तू काही लावू नको म्हणाली होतीस.

तुझी फुई


जळगाव,
१२ मार्च २०२४

प्रिय फुई,

तुझं पत्र मी मॅडमना मोठ्याने वाचून दाखवलं. कुंकू पुसल्याबद्दल त्यांनी तुझं खास कौतुक केलं, आमचे विद्यार्थी इतकी शिस्त पाळत नाहीत म्हणाल्या. आता पुढचं लिही. आकडे लिही. कोमट म्हणजे किती कोमट? चहाइतकं की दुधाइतकं?

तुझी,
नूतन


दोंडाईचा,
१९ मार्च २०२४

चि. नूतन,

बुश छान चालू आहे. काळजी नसावी. रोज तीन तास. आवाज नाही. दुधाइतकं कोमट.

इकडे ऊन फार वाढलं आहे. अमृतकडचं कलिंगड गोड निघालं. कोकिळाच्या मुलीला सासरहून बोलावणं आलं. तुझी तब्येत सांभाळ, समितीची तयारी नीट कर, रात्रीचं जागू नकोस.

फुई


जळगाव,
५ एप्रिल २०२४

प्रिय फुई,

ऊन, कलिंगड आणि माझी तब्येत यांवर चार ओळी आणि माझ्या बुशावर दोन! असू दे. छान चालू आहे म्हणतेस ना, मग माझी तक्रार नाही.

आता आनंदाची बातमी. मी एक तक्ता केला आहे. वर लिहिलंय, "प्रत्यक्ष गिरणीतील चाचणी: पस्तीस दिवस, रोज तीन तास, आवाज नाही, झीज दिसत नाही." समितीला हाच तक्ता दाखवणार. शिवाय पुण्याला एक परिषद आहे, तिथेही याचा सारांश मी पाठवला. स्वीकारला तर छापून येईल. तुझ्या दुधाइतक्या कोमट दांड्याचं तापमान मी अडतीस अंश धरलं आहे. मॅडम म्हणाल्या, तुझी फुई आपल्या कुठल्याही उपकरणापेक्षा भरवशाची दिसते.

पेढे तयार ठेव.

तुझी,
नूतन


दोंडाईचा,
९ एप्रिल २०२४

नूतन,

हे पत्र मी साध्या टपालाने टाकत नाही, स्पीड पोस्टाने पाठवते, म्हणजे समितीच्या आत मिळेल.

बुश अकराव्या दिवशी गेला. अकरा मार्चला दुपारी किरकिर सुरू झाली. तासाभरात किंचाळी. मी डंका बंद केला, मगनला बोलावलं, कडं उघडलं. वाटीतला राखाडी रंग मधोमध नाहीसा होऊन खालचं लोखंड चमकत होतं. त्या उखळातलं सगळं तिखट मी खड्डा करून पुरलं. जुना बुश परत चढवला आणि ग्रीस घातलं. मगन म्हणाला, "भाचीले सांगी द्या." मी म्हटलं, सांगते.

आणि नाही सांगितलं.

तू लिहिलं होतंस, हाही उडाला तर मी सगळं सोडून देठ खुडायला येते. मी ते पत्र चारदा वाचलं. बोलताना तू गंमत करतेस तेव्हा तुझा डोळा मिचकतो. कागदावर तो डोळा दिसत नाही गं. मला खरंच वाटलं. म्हटलं, पोरीची चार वर्षं माझ्या एका वाटीपायी जायला नकोत. समिती एकदा पार पडू दे, मग सांगू. तू त्याचा तक्ता करशील, तो पुण्याला पाठवशील, छापशील, असं माझ्या डोक्यातच आलं नाही. मला वाटलं, खुशालीच्या पत्रासारखं ते पत्र.

दोन्ही वाट्या सोबत आहेत. पुसल्या नाहीत. वच्छलाबाई गेल्या आठवड्यात पल्व्हरायझरकडे गेल्या. त्यांना थांबा म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून म्हटलं नाही.

तो तक्ता दाखवू नकोस.

प्रमिला


जळगाव,
२० एप्रिल २०२४

फुई,

या पत्रात गंमत नाही, त्यामुळे डोळा शोधू नकोस.

तुझं पत्र अकरा तारखेला मिळालं. मॅडमच्या खोलीबाहेर मी बराच वेळ उभी राहिले. मग आत जाऊन ते पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. मला वाटलं, तुझ्याबद्दल काहीतरी बोलतील. त्यांनी विचारलं, "तू स्वतः किती वेळा जाऊन पाहिलंस?"

"एकदाही नाही."

"दोंडाईचाला जायला किती वेळ लागतो?"

"पॅसेंजरने तीन तास."

त्यांनी पत्राची घडी घालून ते माझ्या हातात दिलं. 

मला तुझा राग आला होता, फुई. दोन दिवस खूप आला. मग तो तक्ता पुन्हा पाहिला. त्यातले अडतीस अंश कुठून आले? तू दूध म्हणालीस आणि मी आकडा बनवला. ते तू करायला सांगितलं नव्हतंस. पुण्याला मी सारांश मागे घेत असल्याचं कळवलं.

समितीपुढे मी तक्ता काढून टाकला आणि झालं तसं सांगितलं. एका सदस्यांनी विचारलं, "म्हणजे तुमच्याकडे दाखवायला फक्त अकरा दिवसांत बिघडलेला बुश आहे?" मी म्हटलं, हो, सोबत आणला आहे. वाट्या हातोहात फिरल्या. त्यांनी ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली आहे. ऑक्टोबरला काही नसलं तर फेलोशिप बंद. हे गमतीत लिहीत नाही.

वाटी मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. शेतात नांगर फिरवावा तशा उभ्या रेघा आहेत, आणि बऱ्याच रेघांच्या टोकाला एकेक कण रुतलेला. वाळू. मी ज्या खोलीत दोन लाख फेऱ्या मोजल्या तिथे एसी आहे आणि चप्पल बाहेर काढावी लागते. तुझ्या डंक्यात वाळू येते कुठून, ते लिही. यावेळी कलिंगड चालणार नाही.

नूतन


दोंडाईचा,
२९ एप्रिल २०२४

चि. नूतन,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस डंका लावला नाही. चुकले मी. तुझ्यावर माया केली असं मनाला सांगत होते, पण खरं म्हणजे बुश गेल्याचं तुला सांगायची मला लाज वाटत होती. तू पाठवलेली वस्तू माझ्या हातात बिघडली म्हणून. बस, एवढंच. आता वाळूकडे येते.

मिरची कुठे वाळते? पथारीवर, उघड्या जमिनीवर, गावाबाहेर. वारा सुटला की माती मिरचीवरून फिरते. आम्ही चाळतो, झटकतो, पण देठाच्या खाचेत कण राहतोच. मुसळ आपटलं की त्याची धूळ उडते आणि वर बुशाच्या तोंडात जाऊन बसते. पंचवीस वर्षं ग्रीसमध्ये मी काळा चिकटा बघते आहे, तो मला मिरचीचाच वाटायचा. गेल्या आठवड्यात त्यातला थोडा रॉकेलमध्ये धुतला. तळाशी वाळू बसली, चिमूटभर. मगनला दाखवली. तो म्हणाला, "बठ्ठी झीज हाई करस आणि नाव मना लेथनं खराब." सगळी झीज वाळू करते आणि मी मात्र मगन बुश नीट बनवत नाही म्हणून त्याला किती वर्षं बोलत आले, ते आठवून तो अजून हसतोय.

मी एक उपाय केला आहे. लोणच्याच्या बरणीला आपण दादरा बांधतो, तसा जाड मांजरपाटाचा दादरा शिवून बुशाच्या खालच्या तोंडाला बांधला. मधून दांडा जातो, धूळ आत जात नाही. जुन्या बुशावरच बांधून पाहिला. एरवी बुश वीस दिवसांत जेवढं ग्रीस खातो, तेवढं आता वीस दिवस पुरून उरेल असं दिसतं. असं "दिसतं" म्हणते आहे. वीस दिवस अजून झालेले नाहीत. चारच झालेत.

तुझी फुई


जळगाव,
३० जून २०२४

प्रिय फुई,

उत्तराला दोन महिने लागले, कारण सगळं पहिल्यापासून केलं. पहिला थर निसरडा होता पण मऊ. वाळूपुढे त्याचं काही चाललं नाही. आता कार्बनचा कडक थर दिला आहे, हिऱ्याच्या जातीचा. तो थेट लोखंडावर धरत नाही, म्हणून खाली क्रोमियमचा थर, अस्तरासारखा. आणि तुझ्या गावची वाळू (मागवली होती ती, "चहापत्ती" लिहिलेल्या डब्यातली) चाळून आमच्या यंत्रात टाकली. एसी बंद केला. मॅडमनी ती वाळू पाहून विचारलं, "या पदार्थाचं नाव काय लिहायचं?" मी म्हटलं, दोंडाईचा. तसंच लिहिलं आहे.

दादऱ्याबद्दल मॅडम म्हणाल्या, आमचा थर टिकला तर त्यातलं निम्मं श्रेय मांजरपाटाचं.

आठ जुलैला बुश घेऊन येतोय. मी आणि मॅडम. स्वतः.

तुझी,
नूतन


दोंडाईचा,
१० जुलै २०२४

चि. नूतन,

तू स्टेशनवर मॅडमना सोडायला गेलीस आणि तशीच जळगावला गेलीस, त्यामुळे तुझ्या पाठीमागे झालेलं बोलणं तुला सांगता आलं नाही. म्हणून लिहिते.

तुझ्या मॅडम डंक्याच्या खोलीत शिरल्या आणि शिंकायला लागल्या. कोकिळानं मोजल्या, चौदा. पण बाहेर गेल्या नाहीत. पदर नाकाला लावून त्यांनी मगनला कडं आवळताना पाहिलं, कुठे किती आवळतो ते वहीत लिहून घेतलं. तू चहाला गेलीस तेव्हा मी त्यांना म्हटलं, "मॅडम, खोटं मी लिहिलं होतं. पोरीने नाही."

त्या म्हणाल्या, "प्रमिलाताई, तुम्हाला वही कुणी दिली होती का?"

"कसली?"

"रोजची नोंद करायची."

"नाही."

"मग आम्ही तुमच्याकडून चाचणी करून घेतली नाही. खुशाली विचारत होतो." आणि त्यांनी पिशवीतून जाड पुठ्ठ्याची वही आणि एक तापमापक काढून दिला. म्हणाल्या, "वाईट दिसलं तर मोठ्या अक्षरात लिहा."

मला त्या आवडल्या. तू घाबरतेस ते बरोबर आहे.

पहिली पानं उतरवून पाठवते.
पहिला दिवस: तीन तास. चाळीस अंश. आवाज नाही.
दुसरा दिवस: तीन तास. एकेचाळीस. आवाज नाही. एक माशी दादऱ्यावर बसली होती. तिचा काही संबंध नसावा, पण लिहिलं.
तिसरा दिवस: अडीच तास, वीज गेली.

फुई


जळगाव,
२४ ऑगस्ट २०२४

प्रिय फुई,

तुझ्या वहीच्या झेरॉक्स दर आठवड्याला मिळतात. प्रयोगशाळेत त्या आता मोठ्याने वाचल्या जातात. "दिवस एकोणिसावा: आवाज आला, पण तो पुष्पाबाईंच्या शिलाई मशीनचा निघाला, जाऊन खात्री केली." "दिवस तेहेतिसावा: माझं डोकं दुखत होतं म्हणून वाचन कोकिळानं घेतलं, तिने चष्मा लावला होता." मॅडमनी नव्या मुलांना नोंद कशी करावी म्हणून ही पानं दिली आहेत.

दर पंधरा दिवसांनी मी येतेच आहे, पण मला मुळीच बोलू देत नाहीस. नोंद चालू असताना गप्पा नकोत म्हणे!

तुझी,
नूतन


दोंडाईचा,
१६ सप्टेंबर २०२४

चि. नूतन,

मोठ्या अक्षरात लिहिते आहे. एकाहत्तरावा दिवस. दुपारी सव्वा वाजता किरकिर. तापमान त्रेपन्न. डंका बंद केला. मगनने कडं उघडलं.

डाव्या वाटीत वरच्या कडेला बोटाच्या रुंदीचा पट्टा पांढरा पडला आहे. उजवी वाटी नव्यासारखी. मगन म्हणतो थर वाईट नाही, चौकटच डावीकडे कललेली आहे, त्यामुळे दांडा एकाच बाजूला दाबतो. त्याने ओळंबा लावून दाखवलं. तो म्हणतो ते खरं असेल, पण ते त्याचं म्हणणं आहे. नोंद एवढीच की एकाहत्तराव्या दिवशी गेला.

पोळ्याच्या दिवशीसुद्धा चालवला होता गं. समितीला अजून महिनासुद्धा नाही. तरी लिहिलं. वाट्या सोबत.

फुई


जळगाव,
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय फुई,

गुरुवारी समिती झाली. एकाहत्तर हाच आकडा दाखवला. पहिल्या वेळचे अकराही दाखवले. ज्या सदस्यांनी मागच्या वेळी मला खजील केलं होतं, त्यांनीच तुझी वही मागून घेतली आणि चहा थंड होईपर्यंत वाचत बसले. मग म्हणाले, "इथे बिघडल्याची वेळसुद्धा मिनिटासकट आहे." फेलोशिप एक वर्ष वाढली. मगनभाऊंचं ओळंब्याचं म्हणणं खरं निघालं. थराच्या पट्ट्यावरून दाब कुठे पडला ते स्पष्ट दिसतं. चौकट सरळ करून घे, नवा बुश आठवड्यात पाठवते.

अन्न तपासणीचा अहवालही आला. चौथ्या उखळातल्या तिखटात क्रोमियम नाही, थराचा अंश नाही, वाळू मात्र आहे, नेहमीइतकी. थोडक्यात, आमच्याकडून काही गेलं नाही, तुझ्याकडचं तुझ्याकडे. आता चांगली मिरची कांडायला हरकत नाही.

आणि एक. आम्ही शोधनिबंध लिहितोय. मॅडम म्हणतात, ज्यांनी मोजलं आणि ज्यांनी बुश चिरला त्यांची नावं लेखकांत यायला हवीत. दोन फॉर्म पाठवले आहेत, त्यात शिक्षण आणि संस्था लिहायची आहे. खरं तेच लिही.

तुझी,
नूतन


दोंडाईचा,
२७ ऑक्टोबर २०२४

चि. नूतन,

फॉर्म भरले. शिक्षण: सातवी पास. संस्था या रकान्यात मी "प्रमिला कांडप केंद्र, स्टेशन रोड" लिहिलं. मगनने स्वतःच्या फॉर्मवर चौथी लिहिलं आणि कंसात "नापास" जोडलं. मी म्हटलं, हे आजवर बोलला नाहीस. तो म्हणाला, "खरं तेच लिखानं शे ना?" आम्हा सगळ्यांना इतकी वर्षं चौथी पास म्हणून फिरवलं त्याने.

माझी एक अट आहे. निबंधात ते मार्चचं पत्र घाला. अकरा दिवसांनी बुश गेला होता आणि नोंद पाठवणाऱ्या बाईने चालू आहे म्हणून कळवलं, असं. माझ्या नावासकट. पुढे कुणी आपल्या फुईला बुश देईल तेव्हा त्याने वहीसुद्धा द्यावी, म्हणून.

चौकट सरळ केली, नवा बुश बसवला. काल वच्छलाबाई आल्या. एकदम सगळा माल देणार नाहीत, दहा किलो मिरची आणली आहे. आधी बघू म्हणाल्या. बरोबर आहे त्यांचं.

त्यांची मिरची उखळात घालण्याआधी मी घरची दोन किलो कांडली. त्यातलं पहिलं तिखट कुणी खायचं यावर कोकिळाशी वाद झाला. मी जिंकले. पुढची नोंद वहीत आहे, ती इथे उतरवते.

२६ ऑक्टोबर. दुपारी साडेबारा. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचं तेल, चौथ्या उखळातलं तिखट एक चमचा. खाल्लं.
पाऊण वाजता: डोळ्यांत पाणी. कोकिळा घाबरली. मिरचीच तिखट होती, दुसरं काही नाही.
एक वाजता: आणखी अर्धी भाकरी घेतली.

तुझी फुई,
प्रमिला